तरंगत्या बर्फाचा रेटा

समुद्रातला बर्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिमनग येतो. पण थंड समुद्रांतील तेलफलाट, दीपगृहे आणि पुलांचे खांब यांना दर हिवाळ्यात गाठ घालावी लागते ती सपाट बर्फाशी. समुद्राचेच पाणी गोठून त्याचा थर तयार होतो. वारा आणि प्रवाह त्याला ढकलत नेतात आणि वाटेत उभ्या असलेल्या खांबावर तो येऊन भिडतो. १९६९च्या हिवाळ्यात चीनच्या बोहाई आखातात अशा बर्फाने तेलाचा एक फलाट पाडला होता.

मग खांब किती भक्कम हवा? प्रयोगशाळेत बर्फाचा ठोकळा दाबून फोडावा आणि त्याच्या ताकदीला खांबाची रुंदी व बर्फाची जाडी यांनी गुणावे, असे कुणालाही वाटेल. पण रुंद भिंतीला बर्फ सगळीकडे एकाच वेळी टेकत नाही. इथे दाबतो, तोवर तिथे फुटतो. म्हणून क्षेत्र वाढते तसा सरासरी दाब कमी भरतो.

कॅनडाच्या उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्रात ‘मोलिकपाक’ हा पोटात वाळू भरलेला पोलादी फलाट होता. १२ एप्रिल १९८६ रोजी अनेक हिवाळे जुना, जाड बर्फ त्यावर येऊन भिडला. तो ठरावीक ठेक्यात फुटत राहिला, फलाट थरथरू लागला आणि आतल्या वाळूची पकड सैल होऊ लागली. फलाट वाचला. पण मापक यंत्रे भिंतीच्या थोड्याच भागावर होती. त्यामुळे एकूण जोर किती होता, यावर तज्ज्ञांचा वाद पुढे कित्येक वर्षे चालला.

दुसरा मार्ग हौदातल्या प्रयोगांचा. प्रतिकृती मूळच्या विसाव्या हिश्शाची केली, तर बर्फ वीसपट पातळ आणि वीसपट कमजोरही हवा. साधा बर्फ तिथे फार कणखर ठरतो. म्हणून पाण्यात मीठ किंवा आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा युरिया मिसळून तो मुद्दाम कच्चा करतात.

या अभ्यासातून एक सोपी युक्तीही हाती आली. खडू दोन्ही टोकांनी दाबला तर सहसा मोडत नाही, वाकवला की चटकन तुटतो. बर्फाचेही तसेच. १९९७ साली खुल्या झालेल्या कॅनडाच्या १२.९ किलोमीटर लांबीच्या कॉन्फेडरेशन पुलाचे खांब पाण्याच्या पातळीशी शंकूसारखे उतरते आहेत. बर्फ त्या उतारावर चढतो, वाकतो आणि मोडतो. खांबावरचा भार त्यामुळे बराच हलका होतो.

अंदाज कमी धरला तर फलाटावरच्या माणसांचे प्राण पणाला लागतात, आणि जास्त धरला तर पोलाद व पैसा वाया जातो. म्हणूनच प्रत्यक्ष समुद्रात, खऱ्या बर्फासमोर घेतलेल्या एकेका मापाचे मोल मोठे आहे.