चोचीतला घास आणि गळ्यातली साद

आपल्याकडे सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून पाळले जाणारे छोटे पक्षी पुष्कळदा बजरिगार असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, बजरिगार मात्र ऑस्ट्रेलियातला. जॉन गूल्ड यांनी तो १८४० मध्ये इंग्लंडला नेला.

पूर्ण वाढलेल्या नराच्या चोचीवरचा मांसल भाग सहसा निळा असतो, विणीवर आलेल्या मादीचा तपकिरी. नर मादीजवळ सरकतो, मान वरखाली हलवतो, तिच्या चोचीला चोच लावतो, हलक्या आवाजात किलबिलतो आणि गळ्याशी असलेल्या पिशवीतले मऊ झालेले दाणे वर आणून तिला भरवतो. पाहणाऱ्याला वाटते, पक्षी ओकतो आहे. आजारी पक्षी मलूल असतो. तो डोके झटकतो आणि चिकट अन्न त्याच्या डोक्याच्या पिसांना लागते. भरवणारा नर तरतरीत असतो आणि घास नेमका मादीच्या चोचीत जातो. हा फरक कळला नाही, तर निरोगी पक्ष्याला औषध दिले जाईल किंवा आजारी पक्षी दुर्लक्षित राहील.

भरवायचे कशासाठी? डेव्हिड लॅक यांनी १९४० मध्ये जोडीतील बंध टिकवण्यावर भर दिला होता. पुढे सुरय पक्ष्यांवरील अभ्यासांतून नराने आणलेल्या अन्नाचा अंड्यांच्या आकाराशी संबंध दिसला. बजरिगारची मादी दिवसाआड एक अशी साधारण चार ते सहा अंडी घालते. ती एकटीच सुमारे १८ दिवस अंडी उबवते आणि नर तिला भरवतो. तेव्हा हा घास नुसता लाडाचा नाही, पोटाचाही आहे.

आवाजाचे काम आणखी नवलाचे आहे. बार्बरा ब्रॉकवे यांनी १९६५ मध्ये दाखवले, की नराच्या हलक्या किलबिलाटाने मादीच्या अंडाशयाची वाढ होते व ती अंडी घालू लागते. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात पाऊस बेभरवशाचा. पावसानंतर गवताचे बी पिकले की जोडीने लगेच विणीला लागणे फायद्याचे ठरते. २००० मधील एका अभ्यासात, जोडी जमताना नर मादीच्या सादेची नक्कल करतो, असेही आढळले.

विद्यार्थ्यांना निरीक्षण द्यायचे, तर कुणाकडे आधीपासून असलेली जोडी निवडावी. त्यासाठी पक्षी विकत आणू नयेत. आपले देशी पोपट पाळणे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. ते हिवाळ्याच्या अखेरीस ढोलीजवळ मोकळेपणी पाहता येतात. रोज ठरावीक वेळी १५ मिनिटे, दोन-तीन मीटर अंतरावरून पाहावे. कोणी कोणाला भरवले, किती वेळा, आधी कोणता आवाज झाला, एवढेच नोंदवावे. ‘प्रेम करतो’ असे लिहू नये; ‘चोचीत घास दिला’ असे लिहावे. अर्थ लावण्याचे काम नोंदी पुरेशा जमल्यावर, वर्गात सर्वांनी मिळून करावे.