सातऱ्यावरची सकाळ

संपादकांनी भिवापूरला धाडलं ते मानांकनासाठी. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालंय. जाड साल आणि गडद लाल रंग ही तिची ओळख. तेवढी माहिती अर्ध्या तासात मिळाली. उरलेला दिवस मी सातऱ्यावर काढला.

सातरा म्हणजे उघड्या मैदानात पसरलेली वाळकी मिरची आणि तिच्या कडेनं बसलेल्या बाया. काम एकच, देठ खुडायचं. अंगठ्याचं नख देठाच्या टोपीखाली घालायचं आणि हलका झटका द्यायचा. माझ्या हातून मिरचीच फाटली, बिया सांडल्या. शेजारच्या मावशींचा देठ अख्खा निघत होता, तोही नजर दुसरीकडे असताना. मजुरी किलोवर, त्यामुळे हात थांबवून चालत नाही. नाकावर पदर, बोटांना खोबरेल. हातमोजा घातला की देठ नखात सापडत नाही.

"रात्री नातवाले घ्याचं म्हटलं का जीव घाबरते जी," त्या म्हणाल्या. "त्याच्या डोळ्याले हात लागला तर?"

बाया तांबडं फुटायच्या आत घर सोडतात. दवानं मिरची नरम असते तोवर देठ सुटतो; ऊन चढलं की तिचा चुरा होतो. "मोहफुलं बी तवाच वेचा लागते. अन् त्याचा बी टाइम तोच." त्याचा म्हणजे वाघाचा. नाव त्यांनी घेतलं नाही.

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य इथून जवळच. पसारा सुमारे १८९ चौरस किलोमीटर, पण वाघाला ती हद्द कुठली ठाऊक? जय नावाचा वाघ नागझिऱ्याहून चालत इथं आला, साऱ्या देशाचा लाडका झाला आणि २०१६ मध्ये बेपत्ता झाला. त्याचा मुलगा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडजवळ मेला, शेताच्या कुंपणाच्या तारेत सोडलेल्या विजेनं. ती तार वाघासाठी नसते. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत हरभरा आडवा करतात. जागलीला जावं तर वाघाचं भय, न जावं तर पीक गेलं. म्हणून कुणीतरी तार ओढतो, आणि त्या तारेत कधी वाघ जातो, कधी शेजारचा माणूस. मला त्या तारेचा राग येतो, पण पीक गमावलेल्या माणसावर तो काढवत नाही.

मिरचीचीही काळजी वाटते. बोकड्या पडला की पानं आकसतात, झाड खुजं राहतं. फवारणीचा खर्च परवडेना म्हणून कुणी सोयाबीनकडे वळतो, कुणी कापसाकडे. मिरची लावायचीच तर जास्त उताऱ्याचा संकरित वाण घेतात. ज्या वाणाला मानांकन मिळालं, त्याचं बी घरच्या मडक्यात राखणारे हात कमी होत चाललेत. समोरच्या ढिगाकडे बोट करून मी विचारलं, यात भिवापुरी कोणती? मावशींनी ढीग चाळला आणि बऱ्याच वेळानं एक मिरची माझ्या तळहातावर ठेवली. साल खरंच जाड होती.

दुपार कलल्यावर वजनं झाली. मावशींनी पदर झटकला, पण निघाल्या नाहीत. गावच्या आणखी तिघींचं वजन व्हायचं होतं. जंगलाच्या कडेचा रस्ता एकटीनं चालायचा नाही, असं त्यांचं ठरलेलं होतं.