वहीच्या कोपऱ्यातली चित्रे

गेल्या रविवारी मगरिबच्या नमाजनंतर कोपरगावात आमच्या मोहल्ल्यातील मंडळाची मासिक बैठक झाली. विषय मुलांनीच सुचवला होता: जपानी कार्टून सुरू कसे झाले? डोरेमॉन आज घराघरात हिंदी बोलतो, म्हणून आयाही आवर्जून आल्या. “सर, यांचं हे वेड सोडवा,” एवढीच त्यांची मागणी. माहिती सांगण्याचे काम आमच्याकडे होते.

जपानमध्ये १९१७ साली शिमोकावा, कौची आणि कितायामा या तिघांनी आपापल्या परीने हलती चित्रे तयार केली. कौचींच्या ‘नामाकुरा गाताना’ या छोट्या चित्रपटात एक भोळसट सामुराई बोथट तलवार विकत घेतो, तिची धार वाटसरूवर आजमावायला जातो आणि स्वतःचीच फजिती करून घेतो. त्या काळातल्या कितीतरी फिती १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. ही मात्र ओसाकात जुन्या वस्तूंमध्ये सापडली आणि २००८ साली जगाला तिची बातमी कळली.

पुढे १९६३ पासून ओसामू तेझुकांची ‘तेत्सुवान आतोम’ ही मालिका दर आठवड्याला टीव्हीवर येऊ लागली. वेळ आणि पैसा दोन्ही कमी. म्हणून चेहरा स्थिर ठेवायचा, फक्त ओठ हलवायचे, एकच चित्र पुन्हा वापरायचे, अशा युक्त्या त्यांनी केल्या. हे ऐकून मुले खुदकन हसली. रोज पाहूनही हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

मग आम्ही आपल्या गोदावरीकडे वळलो. ती जिथे उगम पावते त्या त्र्यंबकेश्वरी १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले. त्यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ हा चित्रपट केला. काडी जराशी सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. म्हणजे जपानमधल्या त्या तिघांच्याही आधी आपल्याकडे हा खेळ झाला होता!

“ती फीत कुठं बघायला मिळेल?” सातवीतल्या एका मुलाने विचारले.

“ती आता उरली नाही, बेटा.”

तो थोडा थांबला. “आणि माझी वही, सर?”

आम्ही निरुत्तर झालो. मागच्या वर्षी गणिताच्या वहीच्या कोपऱ्यात त्याने पानोपानी धावणारा माणूस काढला होता. पाने भरभर सोडली की माणूस पळायचा. अभ्यासात लक्ष नाही म्हणून आम्ही ती वही काढून घेतली आणि वर्षअखेरीस ती रद्दीत गेली. ना कुठला भूकंप, ना आग. गेली ती आमच्याच हातून.

सर्वांसमोर आम्ही त्याची माफी मागितली. त्याची अम्मी म्हणाली, “जाऊ द्या सर, दुसरी काढील.” पण तीच वही परत कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला शंभर पानी कोरी वही दिली. टीव्हीची वेळ आईबापांनी जरूर ठरवावी. मात्र मुलांची वही रद्दीत टाकण्याआधी तिचे कोपरे एकदा पाहावेत, एवढीच आमची विनंती आहे.