खाली काहून बसता? कोचावर बसा नं!

आमच्या पिंपळगाव राजात पूर्वी पाहुणा आला की आवाज यायचा, "बाजेवर बसा." आता बाजेच्या जागी सोफा आला. जुनी माणसे मात्र त्याला अजून 'कोच' म्हणतात. घरात दिवाणही असतो. बसायच्या या वस्तूंची नावे आली कुठून, ते आज पाहू.

'सोफा' मूळ अरबी 'सुफ्फा'. अर्थ ओटा. मदिनेच्या मशिदीतील अशाच ओट्यावर ज्यांना घरदार नव्हते ते गरीब राहत; त्यांना 'सुफ्फावाले' म्हणत. पुढे गालिचा अंथरलेल्या बैठकीला हा शब्द लागला आणि तुर्कस्तान, युरोप फिरून इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला. म्हणजे श्रीमंतीची खूण वाटणारा हा शब्द एकेकाळी बेघरांच्या ओट्याचा होता!

'कोच' इंग्रजीतून आला. त्याचे मूळ 'आडवे होणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे. खेळाचा कोच आणि रेल्वेचा कोच यांच्याशी त्याचे नाते नाही. 'दिवाण' फारसी. आधी हिशेबाची वही, मग कचेरी, मग कचेरीत भिंतीलगत असलेली बैठक. 'दिवाणी दावा' त्याच घरचा. आपल्याकडे हात-पाठ असलेला तो सोफा किंवा कोच. पाठ नसलेला, रात्री झोपायचा आणि पोटात गोधड्या ठेवायचा तो दिवाण.

पण वाचकहो, शब्द कळला तरी खरा प्रश्न उरतोच. त्यावर बसायचे कोणी?

आमचे वडीलधारे सांगत, गावचा मोठा माणूस समोरून येताना दिसला की बाजेवरून उठावे लागे. त्याच्या दारी गेले तर अंगणात, मातीवर बसायचे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, शाळेत त्यांना कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. पुढे १९५० साली लागू झालेल्या संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली.

आज आमच्या घरात हप्त्याने घेतलेला सोफा आहे. पाहुणे बसतात, मुले उड्या मारतात. माय मात्र भिंतीला टेकून खालीच बसते. आम्ही म्हणतो, "माय, वर बस." ती म्हणते, "मले खालीच बरं वाटते." सूनही चहा देऊन खालीच टेकते.

गुडघ्यांना किंवा जिवाला खाली बरे वाटत असेल तर जरूर बसावे. पण सवयीने, संकोचाने कोणी खाली बसत असेल, तर ते गोणपाट अजून आपल्याच घरात आहे असे समजावे. सोफा घेताना आपण पैसे मोजले. आता घरातल्या बाईचा हात धरून तिला त्यावर बसवू या. तिच्यासाठी चहाचा कप आपण आणला, तर आणखी बरे.