चाकोरी आणि डांबर (लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण ॲक्सलपाशी थांबलो होतो. आज ॲक्सल आणि गाडीचा सांगाडा यांच्या मधल्या वीतभर जागेत शिरू. गाडी रानात चालेल का आणि सडकेवर तिच्यात बसवेल का, या दोन्ही प्रश्नांचा निकाल तिथेच लागतो.

धर्मापुरीला केदारेश्वराचं देऊळ पाहून शिवाराकडे वळलं, की डांबर सुटतं आणि पांदण लागते. पावसाळ्यात ट्रॅक्टरने काळ्या मातीत पाडलेल्या चाकोऱ्या पुढे वाळून दगडासारख्या होतात. तिथे जीप घातली, की पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी खाली जातं. ती दोन्ही चाकं जमिनीपर्यंत पोचली नाहीत, तर अधांतरी गरगरतात आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून रानाला मऊ स्प्रिंग हवी, चाकाला खाली-वर जायला भरपूर वाव हवा. तीच गाडी परळीच्या रस्त्याला ६०च्या वेगाने वळणावर घ्या. उंच, मऊ गाडी एका अंगावर कलते, ब्रेक दाबला की नाक खाली घालते.

मग मधलीच स्प्रिंग का घालू नये? कारण धक्के दोन जातींचे आहेत. पांदणीत ताशी १० किलोमीटरने जाताना दर तीन मीटरवर खड्डा धरला, तर सेकंदाला जेमतेम एक हिसका बसतो. डांबरावर ६०च्या वेगात दर दीड मीटरवर ठिगळ असेल, तर सेकंदाला ११ हिसके. स्प्रिंगवर बसलेलं गाडीचं धड सेकंदाला एक-दीड वेळा डोलतं, चाक मात्र दहा-बारा वेळा थरथरतं. आजार दोन, तर औषधंही दोन लागतात.

जुन्या जीपला चारी बाजूंनी पाटे. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणानेच डोलणं थोडं आवरतं. पण त्यात चिखल भरून गंज चढला, की बारीक धक्क्याला पाटे सरकतच नाहीत आणि तो थेट पाठीच्या मणक्यात येतो. तरी त्यांना नावं ठेवू नयेत. बोलेरोने मागचे पाटे अजून ठेवलेत ते ओझ्यासाठी. आठ-दहा माणसं आणि बाजाराची पोती घेणाऱ्या गाडीला मऊ स्प्रिंग दिली, तर मागची बाजू बसते. महिंद्राच्या २०१०च्या थारलाही मागे पाटेच होते. नाशिकच्या कारखान्यात बनणाऱ्या २०२०च्या थारमध्ये त्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आली. आता ॲक्सल जागेवर धरायला वेगळे दांडे होते, त्यामुळे स्प्रिंगला फक्त स्प्रिंगचं काम उरलं.

माझ्या मते खरी युक्ती शॉकअपमध्ये आहे. २०२२च्या स्कॉर्पिओ-एनच्या शॉकअपमध्ये एक जास्तीचा व्हॉल्व्ह आहे. धक्के भराभर आले, तर तो तेलाला आडवाट मोकळी करतो आणि शॉकअप मऊ होतो. धड सावकाश कलू लागलं, तर ती वाट बंद होते आणि शॉकअप घट्ट धरतो. यात वायर नाही, बटण नाही, सगळं तेलाच्या दाबावर चालतं.

कलणं रोखायला डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा अँटी-रोल बारही असतो. सडकेवर तो उपकार करतो, चाकोरीत चाकाचा पाय ओढून धरतो. म्हणून जीप रँग्लरच्या रुबिकॉनमध्ये पुढचा बार बटणाने सोडवता येतो. अशी सोय हौसेने डोंगर चढणाऱ्यांपुरती राहू नये, असं मला मनापासून वाटतं. बाळंतिणीला वस्तीवरून दवाखान्यात नेणारी गाडी एकाच फेरीत पांदण आणि सडक दोन्ही तुडवते.

तोवर आपली गाडी तपासा. तिचा एक कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. वर येऊन जागेवर थांबला, तर शॉकअप शाबूत. दोन-तीनदा डोलत राहिला, तर खाली वाकून शॉकअपच्या नळीवर बोट फिरवा, बहुधा तेल लागेल. टायरमधल्या हवेचं पुढच्या आठवड्यात बोलू.