पाकोळीचे पंख

1980 च्या दशकाच्या अखेरीस, तेव्हाच्या युगोस्लाव्हियात हलकी खासगी विमानं उडवायची मोकळीक नव्हती. म्हणून इव्हो बोस्कारोल आणि त्यांचे सहकारी इंजिन जोडलेले त्रिकोणी ग्लायडर तिन्हीसांजेला, कुणाच्या फारसं नजरेत न येता उडवत. लोकांना ती वटवाघळंच वाटायची. 1989 मध्ये उभ्या राहिलेल्या त्यांच्या कंपनीनं तेच नाव घेतलं: पिपिस्ट्रेल, म्हणजे आपली पाकोळी. याच स्लोव्हेनियन कंपनीला भारतानं 2015 मध्ये 'व्हायरस एसडब्ल्यू 80' जातीच्या 194 विमानांची मागणी दिली. हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी.

विमान दोन आसनी. शिकणारा आणि शिकवणारा शेजारी शेजारी बसतात. कार्बन तंतूंसारख्या मिश्र साहित्यामुळे रिकाम्या विमानाचं वजन 300 किलोच्या आत राहतं. म्हणूनच रोटॅक्स 912 हे 80 अश्वशक्तीचं इंजिन त्याला पुरतं. इंजिन मिनिटाला 5,800 फेऱ्यांपर्यंत फिरतं, पण पंखा एवढ्या वेगानं फिरवून भागत नाही. म्हणून मध्ये गिअर बसवून त्याचा वेग निम्म्याहून कमी केलेला असतो. इंधन म्हणून मोटारीचं पेट्रोल चालतं. जोडीला अख्खं विमान तोलून धरणारं, रॉकेटनं बाहेर फेकलं जाणारं पॅराशूट बसवता येतं.

खरी गंमत पंखांत आहे. ते निमुळते आणि लांब, टोकापासून टोकापर्यंत साडेदहा मीटरहून थोडे जास्त. इंजिन बंद पडलं तरी वारा शांत असेल, तर एक किलोमीटर उंचीवरून हे विमान 15-16 किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. पंख न हलवता घार जशी आभाळ कापते, तसं. मात्र लांब पंखाचं एक मागणं असतं. विमान वळवायला हातातला नियंत्रणाचा दांडा नुसता डावीकडे दाबला, तर उजवा पंख उचलला जाताना हवेचा जास्त अडथळा सोसतो आणि नाक उलट उजवीकडे ओढलं जातं. म्हणून हात आणि पाय एकत्र चालावे लागतात: दांड्याबरोबर रडरचं पेडल. ते जमलं की वळण लोण्यासारखं येतं.

उतरताना हाच तरंगण्याचा गुण परीक्षा घेतो. वेग थोडा जास्त राहिला, तर जमिनीलगतच्या हवेवर विमान तरंगतच राहतं आणि धावपट्टी खालून सरकत जाते. त्यासाठी पंखांच्या पाठीवर एअरब्रेकच्या पट्ट्या आहेत. त्या उघडल्या की पंखाची उचल घटते, अडथळा वाढतो आणि विमान वेग न वाढवता खाली येतं. बाजूचा वारा असेल तर एवढं हलकं विमान चटकन ढकललं जातं. चाकं टेकली तरी पाय सैल सोडून चालत नाही.

मला या विमानाचं मोल इथेच वाटतं. जड विमानात वजनाखाली झाकली जाणारी चूक इथे लगेच कळते, आणि वेग कमी असल्यानं ती सुधारायला वेळही मिळतो. सोळा-सतरा वर्षांच्या कॅडेटला पहिल्याच उड्डाणांत हे कळावं, यासारखं शिक्षण नाही: हवेत राहणं पंखांचं काम, वेळेवर खाली येणं वैमानिकाचं.