वेरोना येथील ज्यूलिएटचें घर : दंतकथा व अस्सल पुरावा

इटलीच्या उत्तर भागांत आदिजे नदीच्या वळणांत वेरोना हें प्राचीन नगर वसलें आहे. रोमन काळचें भव्य रंगमंडल येथें उभें आहे, इ. स. १२६२ ते १३८७ पर्यंत येथें सत्ता गाजविलेल्या स्काला घराण्याच्या समाधीही येथेंच आहेत. तथापि प्रवाशांची गर्दी लोटते ती व्हिया काप्पेल्लो या रस्त्यावरील एका घराच्या चौकांत. रोमिओची ज्यूलिएट या घरची मुलगी, व प्रियकराशीं ती बोलली तो सज्जा हाच, असें तेथें सांगतात. शेक्सपिअरच्या नाटकामुळें ही कथा जगभर झाली. तिला आधार किती, आणि ती या घरास चिकटली कशी, हें पाहणें जुन्या कागदांच्या संग्राहकांस उपयोगी होईल असें वाटतें.

कथेची वंशावळ लावूं लागलें असतां पहिला धक्का बसतो तो हा, कीं तिचें मूळ गांव वेरोना नव्हेच. इ. स. १४७६ मध्यें छापलेल्या माझूच्चो सालेर्नितानोच्या कथासंग्रहांत गुप्त विवाह, साह्यकर्ता भिक्षु, निद्रेचें औषध हा सर्व सरंजाम आहे. पण स्थळ सिएना, आणि नायक-नायिकांचीं नांवें निराळीं. वेरोना शहर, रोमिओ व ज्यूलिएट हीं नांवें, आणि बार्तोलोमेओ देल्ला स्काला याची कारकीर्द (१३०१-१३०४) या गोष्टी कथेंत आणल्या त्या व्हिचेन्सा येथील सरदार लुइजी दा पोर्तो यानें. त्याची कथा १५३० च्या सुमारास छापली गेली. येथें एक मौज ध्यानांत घेण्यासारखी आहे. हीं दोन्हीं घराणीं एकाच पक्षाचीं होतीं असें जुन्या बखरींत आढळतें, तरी ऐकली तशी सांगतों, असा इषारा कथेच्या प्रारंभींच दिलेला आहे. कथाकारानें राखलेली ही सावधगिरी इतिहासकारानें राखली नाहीं. जिरोलामो दाल्ला कोर्ते याच्या सोळाव्या शतकाच्या अखेरीस छापलेल्या वेरोनाच्या इतिहासांत ही हकीकत १३०३ सालची घडलेली गोष्ट म्हणून नमूद आहे. कादंबरीनें राजाचें नांव घेतलें, आणि इतिहासानें त्याच्या कारकीर्दींतून साल काढलें, असेंच आम्हांस दिसतें. कवि बायरन १८१६ त वेरोनास आला, तेव्हां गांवचे लोक हेंच साल छातीठोकपणें सांगत होते व पुराव्यादाखल एक उघडी, रिकामी दगडी शवपेटी दाखवीत होते.

घराण्यांच्या नांवांस मात्र आधार आहे, पण तो भलताच. मोन्तेक्की हा वेरोनांतील एक खरा पक्ष. काप्पेल्लेत्ती हे बहुतेक अभ्यासकांच्या मतें क्रेमोना शहरचे. दांतेनें आपल्या महाकाव्यांत इटलीच्या दुफळीचीं उदाहरणें देतांना हीं दोन नांवें जोडीनें घेतलीं आहेत; त्यांवरून तीं एकाच गांवचीं, असा समज पुढें झाला असावा. दांते स्वतः वेरोनाच्या दरबारीं आश्रयास होता. या प्रेमिकांविषयीं तो अवाक्षरही काढीत नाहीं.

आतां घराकडे वळूं. चौकाच्या कमानीवर दगडांत कोरलेली टोपी आहे. काप्पेल्लो म्हणजे टोपी. हें दाल काप्पेल्लो घराण्याचें चिन्ह. काप्पेल्लो व काप्पेल्लेत्ती या नामसादृश्यावर सगळी इमारत उभी आहे. डिकन्सनें १८४४ त पाहिलें तेव्हां येथें एक हलकी सराई होती. सज्जा तर त्याहून पुष्कळ अलीकडचा! वेरोनाच्या वस्तुसंग्रहालयांचा प्रमुख अंतोनिओ आवेना यानें १९३६ ते १९४० च्या दरम्यान घराचा जीर्णोद्धार केला, त्या वेळीं तो बसविला. त्यासाठीं लावलेली संगमरवरी शिळा मात्र खरोखरच चौदाव्या शतकांतली आहे. कित्येकांच्या मतें ती एका शवपेटीची बाजू. दगड अस्सल, सज्जा बनावट. जुन्या कोऱ्या कागदावर नवी सनद लिहिली तर कागदाचें वय तपासून ती खरी ठरत नाहीं, तसाच हा प्रकार. शेक्सपिअरच्या संहितेंत सज्जा हा शब्दच नाहीं, हेंही येथें सांगून ठेवतों.

यावरून लोकवार्ता म्हणजे सारी थाप, असें मात्र कोणीं समजूं नये. या घरापासून थोड्याच अंतरावर कान्ग्रान्दे देल्ला स्काला याची समाधि आहे. त्रेव्हीझो शहर जिंकल्यावर चारच दिवसांनीं, २२ जुलै १३२९ रोजीं तो वारला. दूषित झऱ्याचें पाणी बाधलें असें सांगण्यांत आलें. विषप्रयोगाची कुजबुजही तेव्हांपासून होती. २००४ मध्यें समाधि उघडली, तों देह नैसर्गिक रीत्या वाळून टिकलेला आढळला. यकृतांत व मळांत डिजिटॅलिस वनस्पतीचें घातक सत्त्व सांपडलें. हा निष्कर्ष २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. विष कोणीं दिलें हें यकृत सांगत नाहीं. पुतण्या व वारस मास्तीनो यानें एका वैद्यास फांशीं दिलें, एवढें मात्र जुन्या लेखांत मिळतें.